साउंड कार्ड घेताना कानालाही विचारा

मे महिन्यातली दुपार. ओपीडी संपत आली होती. वीस वर्षांचा एक तरुण वडिलांसोबत आत आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रात्री झोपायला आडवं झालं की दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते, अशी तक्रार होती. आधी ती सकाळपर्यंत थांबायची, आता आठवडाभरापासून थांबतच नव्हती. वडील म्हणाले, "साहेब, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानाले ते लावून खेळते. हाका मारून मारून थकतो, पण याले आयकूच येत नाही."

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते दोष लॅपटॉपचा. "सर, गेममध्ये शत्रूची पावलं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा लागतो. चांगलं साउंड कार्ड घेतलं तर होईल ना बरोबर? कोणतं घेऊ?"

धानोऱ्याच्या दवाखान्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात. शिवाय आवाज का वाढवावा लागतो, हे त्याने अगदी अचूक सांगितलं होतं. उपाय मात्र अर्धाच बरोबर होता.

साउंड कार्ड करतं काय?

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. त्या आकड्यांपासून विजेच्या लहरी तयार करायच्या आणि हेडफोन हलवण्याइतकी ताकद त्यांना द्यायची, ही साउंड कार्डची दोन कामं. एके काळी संगणकातून नुसती 'पीं' एवढीच शिट्टी यायची. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' आणलं आणि घरातल्या संगणकावर गेमचं संगीत वाजू लागलं. त्या काळी कार्ड वेगळं विकत घ्यावंच लागे. आता ही चिप प्रत्येक लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असते. एवढंच कशाला, हेडफोनची गोल पिन न बसणाऱ्या मोबाइलला आपण टाइप-सीचा जो छोटा जोड लावतो, त्यातल्या बऱ्याच जोडांच्या पोटात एक चिमुकलं साउंड कार्डच असतं.

मग वेगळं कार्ड घ्यावं का? खोक्यावर मोठमोठे आकडे असतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही कोवळ्या वयात. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांना १२ ते १४ हजारांच्या वरचं सहसा ऐकूच येत नाही. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हे माप आपल्या ऐकण्याला पुरून उरतं. त्यापुढच्या आकड्यांसाठी खेळणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा ताकदीचा, मिलिवॅटचा. इथे डॉक्टर म्हणून मला बोलावंच लागेल. सर्वसाधारण हेडफोन ३२ ओहमचा असतो आणि १ मिलिवॅट ताकदीवर साधारण १०० डेसिबल आवाज देतो. टाइप-सीचा साधा जोडसुद्धा १ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. हिशेब केला तर त्या हेडफोनला सुमारे ३० मिलिवॅट मिळतात, म्हणजे आवाज जवळजवळ ११५ डेसिबलवर जातो. सुरक्षित ८० डेसिबलसाठी लागतो फक्त एका मिलिवॅटचा शंभरावा हिस्सा. स्टुडिओत वापरतात ते २५०-३०० ओहमचे हेडफोन असतील तर जादा ताकदीचा थोडा उपयोग होतो. बाकीच्यांसाठी ताकद आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पावलांपायी गोळीबार

पण मुलाची अडचण खोटी नव्हती. गेममध्ये दोन टोकांचे आवाज असतात. पावलं, गवताची सळसळ, दार उघडणं हे हळू. बंदूक आणि बॉम्ब मोठे. बाहेर कूलर घरघरतो आहे, लॅपटॉपचा पंखा फिरतो आहे, हेडफोनमध्ये 'हूं' असा गुणगुणाट आहे. या गोंगाटात पावलं बुडतात. ती वर काढायला खेळणारा आवाज वाढवतो. त्याच पातळीवर पुढच्या क्षणी कानाजवळ गोळी सुटते. ऐकायची होती पावलं, पण कानावर आदळतो तो गोळीबार.

'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये ९ देशांतल्या १४ अभ्यासांचा आढावा आला. त्यात ५० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. गेममधले क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद त्यात आहे. या विषयावरचे अभ्यास अजून थोडे आहेत, पण दिशा चिंतेची आहे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्हिडिओ गेमसाठी सुरक्षित श्रवणाचं वेगळं मानक जाहीर केलं, ते याच काळजीपोटी.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात प्रत्येक बाजूला जेमतेम १५-१६ हजार केसपेशी असतात. आवाजाने त्यांचे बारीक केस हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजात त्या थकतात, कान बधिर वाटतो, शिट्टी वाजते. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा सावरतात. रोज रोज मार बसला तर मरतात. त्वचा भरून येते, हाड जुळतं, पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. नुकसान बहुधा ४ हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. साधं बोलणं त्याच्या खालच्या पट्टीत चालतं, म्हणून सुरुवातीला कळत नाही. कळतं तेव्हा 'स', 'श', 'फ' ही अक्षरं निसटू लागलेली असतात आणि गर्दीत लहान मुलांचं बोलणं समजेनासं झालेलं असतं.

आठवड्याचा कोटा

कानाला रेशनसारखा कोटा असतो. मोठ्या माणसासाठी तो आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याला चार तास उरतात, १०० डेसिबलवर फक्त वीस-पंचवीस मिनिटं. रोज तीन तास खेळायचं तर सरासरी आवाज ८३ डेसिबलच्या आत हवा. लग्नातला डीजे याच कोट्यातून खातो, हेही विसरू नये.

'आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. मोबाइलच्या सोबतच्या इअरफोनला तो ठीक आहे. पण जोरदार कार्ड लावलं की ६० टक्क्यांचा अर्थच बदलतो. तिथे ३० टक्केही जास्त होऊ शकतात. म्हणून मी एक साधी युक्ती सांगतो. शांत खोलीत हेडफोन लावा, बातम्या सुरू करा. समोर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो, तेवढाच निवेदकाचा आवाज येईल अशी पातळी ठेवा. तिथे पेनाने किंवा टिकलीने खूण करा. खेळताना त्या खुणेच्या फार पुढे जायचं नाही.

मग घ्यायचं काय?

माझं उत्तर असं: ज्याने कमी आवाजात जास्त ऐकू येईल, ते घ्या.

आधी गुणगुणाट कुठून येतो ते शोधा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर दोष विजेच्या बाजूचा. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंग नावालाच असतं, चार्जरची तिसरी पिन कुठे टेकतच नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. ते जिवाच्याही सुरक्षेचं आहे. बॅटरीवरही खरखर राहिली तर ती बहुधा लॅपटॉपच्या आतली. अशा वेळी यूएसबीला लावायचं छोटं बाहेरचं कार्ड खरंच उपयोगी पडतं, कारण ते आतल्या गोंगाटापासून दूर असतं. त्यावर आवाजाचं फिरवायचं बटण असेल तर उत्तम. एकाएकी मोठा आवाज आला तर हात लगेच तिथे जातो. खरखर नसेल, तर कार्ड बदलून पावलं जादूने ऐकू येणार नाहीत.

कूलर चालू असलेल्या खोलीत कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही. पैशांची जोड आधी इथे द्या, कार्डला नंतर. कान वाहत असेल तर कानात खुपसायचे इअरफोन मुळीच नकोत.

मग सेटिंग. अनेक विंडोज लॅपटॉपवर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' असतं. काही गेममध्ये 'नाइट मोड' असतो. दोन्ही हळू आवाज वर उचलतात आणि मोठे दाबतात. पावलं ऐकू येतात, गोळी कानठळ्या बसवत नाही. संगीत ऐकताना हे बंद करा, कारण गाण्यातला चढउतार त्याने सपाट होतो.

'७.१ सराउंड' ही अक्षरं पाहूनही भुलू नका. हेडफोनला स्पीकर दोनच कानांसाठी. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांतल्या एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी अंतरावरून आणि कानाच्या पाळीने बदललेल्या पोतावरून ओळखतो. सॉफ्टवेअर त्याचीच नक्कल करतं. ती गेममध्ये किंवा कार्डमध्ये, एकाच ठिकाणी चालू ठेवा. दोन्हीकडे लावली तर दिशा बिघडते.

डॉक्टरकडे कधी यायचं?

खेळून उठल्यावर कान बधिर वाटला किंवा शिट्टी वाजली, तर कोटा त्या दिवशी ओलांडला असं समजा आणि पुढचे एक-दोन दिवस कानाला पूर्ण सुटी द्या. शिट्टी दोन दिवसांनंतरही थांबली नाही तर तपासून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल म्हणून कोमट तेल घालून आठवडा काढू नका. त्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच नीट काम करतं.

त्या मुलाला मी गडचिरोलीला कान तपासायला पाठवलं. दोन्ही कानांच्या आलेखात ४ हजार हर्ट्झजवळ छोटासा खड्डा होता. भरती अडेल इतका नाही, पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही. त्याने महागडं कार्ड घेतलं नाही. अर्थिंग दुरुस्त करून घेतलं, बंद हेडफोन घेतला, सेटिंग बदललं आणि खेळ रात्री अकराला थांबवू लागला. तीन आठवड्यांनी आला तेव्हा शिट्टी जवळपास गेली होती. खड्डा मात्र तिथेच राहील, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

जाताना मी विचारलं, "मोह वेचायला जातोस का?" म्हणाला, "हो सर, आईसोबत. पहाटेच." मोहफुलांच्या वासाने अस्वलंही त्याच झाडांखाली येतात, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. अंधारात पाचोळा वाजला की आपण थबकतो, बाजू ओळखतो, मागे सरकतो. पाचोळ्याचा तो आवाज बारीक पट्टीचा असतो. कान खराब होऊ लागला की आधी बारीक पट्टीच जाते. गेममध्ये पावलं ऐकू आली नाहीत तर डाव हरतो, पुन्हा सुरू करता येतो. रानात तसं नसतं. त्याला ते पटलं असावं, कारण तो हसला नाही.