अंबाजोगाईचीं देवळें आणि विद्यार्थ्यांच्या वह्या

अंबाजोगाई हें गांव पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून कुळदेवतेचें गांव म्हणून ठाऊक आहे. घरांत लग्नकार्य झालें कीं मंडळी नव्या जोडप्याला घेऊन योगेश्वरीच्या दर्शनास जातात, ओटी भरतात, परळीच्या वैजनाथाचें दर्शन घेतात आणि घरची वाट धरतात. त्याच गांवांत 'बाराखांबी' या नांवाचें एक जुनें देऊळ आहे. तिकडे वळणारे यात्रेकरू थोडेच. ज्यांना वाट विचारावी ते वाट बरोबर सांगतात. पण हें देऊळ कोणाचें, कोणीं बांधलें, असें विचारलें तर 'फार जुनें आहे' एवढेंच उत्तर मिळतें.

बाराखांबी हें कांहीं त्या देवळाचें मूळचें नांव नव्हे. शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ च्या शिलालेखांत तें सकलेश्वराचें देऊळ म्हणून नोंदलें आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर यानें तें उभारलें. विदर्भांतील खोलापूर हें गांव याच खोलेश्वराच्या नांवचें. काळाच्या ओघांत लोक देवाचें नांव विसरले आणि खांब तेवढे मोजीत राहिले! सन २०२४ मध्यें राज्याच्या पुरातत्त्व विभागानें याच आवारांत खोदकाम केलें, तेव्हां आणखी दोन देवळांचे पाये उघडे पडले. म्हणजे जें आपणांस दिसतें, त्यापेक्षां पुष्कळच जमिनीखालीं आहे.

अंबाजोगाईचा दुसरा एक शिलालेख मला अधिक मोलाचा वाटतो. तो शके ११६२ चा, म्हणजे इ. स. १२४० चा आहे. खोलेश्वराचा मुलगा राम हा बापामागून सेनापति झाला आणि गुजरातच्या स्वारींत नर्मदेच्या तीरावर लढतांना मारला गेला. त्याचा मुलगा लहान होता. तेव्हां रामाची बहीण लक्ष्मी हिनें भाच्याच्या वतीनें कारभार हातीं घेतला आणि भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचें देऊळ बांधविलें. आपल्या शाळेच्या पुस्तकांत यादवांच्या लढाया येतात, हेमाद्रीचें नांव येतें, देवगिरीचा पाडाव येतो. पण भाऊ रणांत पडल्यावर त्याचें घर सांभाळणारी आणि त्याच्यासाठीं दगड घडवून घेणारी ही बहीण कोठेंच भेटत नाहीं. ती फक्त या दगडावर आहे. दगड झिजला कीं तीहि गेली.

हे लेख भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांच्यासारख्या व्यासंगी पंडितांनीं वाचून छापले, म्हणून आपण आज त्यांविषयीं बोलूं शकतों. मग विद्यार्थ्यांनीं करावयाचें काय उरलें? उत्तर असें कीं, पंडित लेखासाठीं येतो, लेख घेऊन जातो. त्या खांबांवरची नक्षी कोणती, शेजारच्या शेतांतली मूर्ति कोठून आली, आजी त्या जागेची कोणती गोष्ट सांगते, हें पाहावयास त्याला सवड नसते. आणि एकट्यास तें साधतहि नाहीं.

याच गांवच्या हत्तीखान्याचें उदाहरण घ्या. नांवावरून येथें कोणा सरदाराचे हत्ती बांधीत असतील, असें वाटतें. वस्तुतः तें खडकांत खोदलेलें शैव लेणें आहे. अंगणांत दगडाचे मोठे हत्ती आहेत, म्हणून तें नांव पडलें. योगेश्वरीचा विवाह वैजनाथाशीं ठरला, वऱ्हाड निघालें, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी मंडळी जागच्या जागीं दगड झाली, अशी कथा या मूर्तींविषयीं सांगतात. इतिहासाचा विद्यार्थी ही कथा खोटी म्हणून टाकून देईल. मराठीचा विद्यार्थी तिच्यांतच रमेल आणि लेण्याचें माप घ्यावयास विसरेल. दोघे एका वहीवर बसले तर कथा कथेच्या पानावर राहील, माप मापाच्या पानावर, आणि दोहोंपैकीं एकहि हरवणार नाहीं.

विद्यार्थ्यांनीं मिळून असें काम करण्याचा मोठा दाखला मराठवाड्याच्याच भूमींत आहे. तो म्हणजे अजिंठ्याचा. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे ग्रिफिथ्स हे सन १८७२ पासून विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन हिवाळ्यांत अजिंठ्यास जाऊं लागले. हा क्रम मधूनमधून १८८५ पर्यंत चालला. अंधाऱ्या लेण्यांत बसून मुलांनीं भिंतींवरील चित्रांच्या नकला तैलरंगांत कापडावर उतरविल्या. पुढें मोठे चित्रकार म्हणून नांवाजलेले पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडींतलेच. त्यांच्या पूर्वीं मेजर गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं लागलेल्या आगींत भस्म झाल्या होत्या. या विद्यार्थ्यांच्या नकलांचेंहि दैव तसेंच! १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. ज्या वांचल्या त्यांवरून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें निघाला. भिंतीवरचा जो रंग त्यानंतर झडला, तो आज त्या नकलांतच पाहावा लागतो.

या हकीकतींत दोन गोष्टी खटकतात, त्या लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पहिली ही कीं, चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून या नकलाकारांनीं मूळ भिंतींवर वार्निश चढविलें. तें पुढें पिवळें पडलें आणि तें काढतां काढतां नंतरच्या पिढ्यांच्या नाकीं नऊ आले. जपावयास गेलेल्यांच्या हातूनच इजा झाली. दुसरी गोष्ट, ग्रंथावर नांव गुरूचें आहे. ज्या मुलांनीं हिवाळेच्या हिवाळे त्या अंधारांत काढले, त्यांतल्या बहुतेकांचीं नांवें आज चार जाणकारांपलीकडे कोणास ठाऊक नाहींत.

आतां बीड जिल्ह्यांतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या आठ-दहा मुलामुलींनीं असें काम अंगावर घेतलें, तर तें कसें वांटून घ्यावें? संस्कृतच्या विद्यार्थिनीनें लेख वाचावा. गणिताची किंवा भूगोलाची गोडी असणाऱ्यानें देवळाचा नकाशा काढावा. त्यासाठीं एक लांब फीत, एक होकायंत्र आणि चौकटींचा कागद एवढ्यावर प्रारंभ होतो. ज्याचा हात चित्रकलेंत बसला आहे त्यानें खांब काढावा. छायाचित्र काढणें आज सोपें झालें आहे, म्हणून रेखाटनाची गरज नाहीं, असें कोणी म्हणेल. माझा अनुभव उलट आहे. छायाचित्र काढणारा मूर्तीकडे क्षणभर पाहतो. रेखाटणाऱ्याला तासभर पाहावें लागतें, आणि मूर्तीच्या हातांतलें आयुध मोडलें आहे कीं मुळांतच नव्हतें, हें त्या तासांतच ध्यानांत येतें.

शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत जुनी आहे. दगड मऊ कुंचल्यानें व स्वच्छ पाण्यानें पुसावयाचा, त्यावर ओला कागद बसवावयाचा, कुंचल्यानें ठोकून तो अक्षरांच्या खांचांत उतरवावयाचा आणि मग शाईची गादी वरून हलकेच फिरवावयाची. अक्षरें पांढरीं राहतात, भोंवतालची जागा काळी होते. परंतु हें काम पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवांचून आणि जाणत्या माणसावांचून करूं नये. तोंवर सोपा उपाय असा: अंधार पडल्यावर विजेरीचा प्रकाश दगडावर समोरून न टाकतां अगदीं बाजूनें टाकावा आणि छायाचित्र घ्यावें. दिवसां न दिसणारीं अक्षरें सावलीनें उठून दिसतात. खडूनें अक्षरें भरणें, तेल चोपडणें, शेंदूर खरवडणें हें मात्र कधींहि करूं नये. अक्षरांत खडू भरणारा आपल्याला जें अक्षर आहे असें वाटतें तेंच भरतो, आणि पुढचा वाचणारा दगडाऐवजीं त्याचा तर्क वाचतो. वहींतहि तोच नियम. जें फुटलें आहे तेथें जागा कोरी सोडावी. तर्क करावयाचा असल्यास तो समासांत, आपल्या सहीनिशीं करावा.

गांवोगांवीं वीरगळ शोधावयाचे असतील तर त्या गांवचा मुलगा बरोबर हवा. वीरगळ म्हणजे रणांत पडलेल्या वीराचा दगड: खालच्या कप्प्यांत लढाई, मधल्या कप्प्यांत अप्सरा त्याला स्वर्गीं नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. असा दगड कोठें मारुतीच्या पाराला टेकलेला असतो, कोठें बांधावर आडवा पडलेला. तो कोठून हलविला, हें म्हातारीं माणसें सांगूं शकतात. पण येथें एक अडचण आहे, ती शहरच्या श्रोत्यांना सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कांहीं गांवें हिवाळाभर अर्धींअधिक रिकामीं असतात. इतर ठिकाणीं हिवाळा हा हिंडण्याचा हंगाम. येथें मात्र माणसांना विचारावयाचें तें दसऱ्यापूर्वीं विचारून घ्यावें आणि दगड मोजण्याचें काम हिवाळ्यासाठीं ठेवावें. ज्या विद्यार्थ्याचे आईबाप स्वतः फडावर जातात त्याला हें वेळापत्रक कोणीं शिकवावें लागत नाहीं, आणि म्हणून तो गटांत असावा.

काम देवळांवरच थांबवूं नये. बीड शहरांत पाण्याच्या मधोमध उभें असलेलें कंकालेश्वर जसें पाहावयाचें, तशीच निजामशाहींतल्या सलाबतखानाच्या नांवावर असलेली खजाना विहीरहि मापावयाची. दगडी नळांतून खेळविलेलें तिचें पाणी ही सुद्धां एक कलाच आहे. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे: सुमारें चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढलेला. ती वाङ्मयाची वस्तु कीं कलेची, हा वाद मुलांनीं खुशाल घालावा. बीडची कातड्याची छागल एके काळीं प्रवाशांच्या खांद्याला असे. ती शिवणारे हात ज्या घरांत होते, त्या घरांतलीं मुलें आज महाविद्यालयांत शिकत असतील. कातडें कसें कमावीत आणि टांका कसा घालीत, हें त्या मुलांनीं घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावें. शिलालेखाच्या वाचनाइतकाच मान त्या पानाला द्यावा.

वही पुरी झाली म्हणजे तिच्या तीन प्रति कराव्यात. एक महाविद्यालयांत, एक ज्या गांवची नोंद त्या गांवच्या ग्रामपंचायतींत, एक पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयांत. आग एकाच वेळीं तिन्ही ठिकाणीं लागत नाहीं. आणि पहिल्या पानावर गटांतल्या सर्वांचीं नांवें लिहावींत, प्राध्यापकांचें शेवटीं. ज्या आजोबांनीं बांधावरचा वीरगळ दाखविला, त्यांचेंहि त्याच पानावर, पुरतें, गांवासकट.