मुक्काम ठरवते ती दुपार

वॉल्ट डिस्नेनं १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा हॉटेल बांधायला त्याच्याकडे पैसेच उरले नव्हते. १६० एकर जमीन आणि पार्कची उभारणी यांतच सगळी पुंजी संपली होती. मग त्यानं जॅक रॅदर या टेक्सासमधल्या तेल व्यावसायिकाला आणि टीव्ही निर्मात्याला गळ घातली. रॅदरनं त्याच वर्षी ऑक्टोबरात पार्कशेजारी ‘डिस्नेलँड हॉटेल’ सुरू केलं. पाठोपाठ आजूबाजूला मोटेलांची आणि निऑनच्या पाट्यांची गर्दी झाली. लोक दिवस डिस्नेकडे घालवायचे आणि रात्रीचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात टाकायचे. स्वतःचंच नाव लावलेलं ते हॉटेल विकत घ्यायला डिस्ने कंपनीला १९८८ साल उजाडावं लागलं.

फ्लोरिडात कंपनीनं हे होऊ दिलं नाही. साठच्या दशकाच्या मध्यावर वेगवेगळ्या नावांच्या छोट्या कंपन्या काढून, गाजावाजा न करता, ऑरलँडोजवळ सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, ते स्वतःची दोन हॉटेलं सोबत घेऊनच. ही जमीन म्हणजे जवळजवळ चंडीगड शहराएवढा विस्तार. त्यात आज चार मोठे पार्क आहेत, दोन वॉटर पार्क आहेत आणि वीसहून जास्त हॉटेलं आहेत. एका पार्कपासून दुसऱ्यापर्यंत जायला बस, बोट, मोनोरेल नाहीतर रोपवे लागतो. म्हणून इथं ‘कुठं राहायचं’ हा प्रश्न खोलीचा कमी आणि अंतराचा जास्त आहे. नेमकी हीच गोष्ट बुकिंगच्या स्क्रीनवर दिसत नाही. तिथं दिसतो फक्त रात्रीचा दर.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही सहल बहुधा एका ठरावीक काळात होते. मे महिन्यात पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा येतात, जूनमध्ये मुलांच्या शाळांना सुटी लागते आणि तीन पिढ्या मिळून ऑरलँडो गाठतात. फ्लोरिडाचा जून म्हणजे पारा तेहतीसच्या आसपास, घामानं अंग चिकट करणारा दमटपणा आणि बहुतेक दुपारी गडगडाटासह कोसळणारा पाऊस. पार्कमध्ये दिवसाकाठी दहा किलोमीटर चालणं सहज होतं. चार वर्षांचं नातवंड आणि सत्तरीतले आजोबा, दोघंही साधारण एकच्या सुमाराला थकतात. रोषणाई आणि आतषबाजी तर रात्री असते. मधले चार-पाच तास कुठं काढायचे, यावर सगळी सहल उभी राहते किंवा कोसळते. म्हणून या सहलीत खोलीची खरी किंमत रात्रीपेक्षा दुपारी कळते. आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो, हे आधी मोजायला हवं.

चार पार्कांपैकी मॅजिक किंगडमचं उदाहरण घ्या. डिस्नेबाहेर, किसिमी गावाजवळच्या १९२ क्रमांकाच्या हायवेवर स्वस्तात खोली मिळते. सकाळी गाडी काढली, की ती पार्कच्या दारात जात नाही. आधी वाहनतळ, २०२५ मध्ये त्याचे दिवसाला ३० डॉलर होते. तिथून मोनोरेल किंवा मोठी फेरीबोट पकडायची आणि ‘सेव्हन सीज लगून’ हा मुद्दाम खणलेला तलाव पार करून पलीकडे जायचं. सुरक्षा तपासणी धरून गाडीपासून पार्कच्या फाटकापर्यंत पाऊण तास सहज मोडतो. दुपारी झोपायला परत यायचं, तर हाच प्रवास उलटा आणि संध्याकाळी पुन्हा सुलटा. असा बेत कोणीच पार पाडत नाही. मग आजी एखाद्या सावलीतल्या बाकावर बसते, नातवंड स्ट्रोलरमध्ये घामेजून झोपतं आणि संध्याकाळी पाचला सगळ्यांचा धीर एकदम सुटतो.

आता ‘कंटेम्पररी’ हे हॉटेल पाहा. १९७१ साली उघडलेल्या पहिल्या दोनांपैकी हे एक. मोनोरेल या इमारतीच्या पोटातून जाते आणि मॅजिक किंगडमचं फाटक पायी दहा मिनिटांवर आहे. इथं दुपारी एकला निघालेलं मूल दीडच्या आत गादीवर असतं. प्रश्न भाड्याचा. डिस्नेच्या डीलक्स गटातली खोली रात्रीला ५०० डॉलरच्या पुढे सहज जाते, तर सगळ्यात स्वस्त गटातली खोली कमी गर्दीच्या दिवसांत दीड-दोनशेच्या घरात मिळते. फरक मोठा आहे, पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. २०२५ मध्ये एका दिवसाचं तिकीट ११९ डॉलरपासून सुरू होत होतं आणि नाताळच्या दिवसांत मॅजिक किंगडमसाठी ते १९९ पर्यंत चढलं. अनेक दिवसांचं तिकीट घेतलं की रोजचा दर उतरतो. तरी माणशी दिवसाला १०० डॉलर धरले, तर सहा जणांचे ६०० होतात आणि बारा तासांच्या दिवसात तासाला ५० डॉलर पडतात. रोज दोन तास रस्त्यात आणि वाहनतळावर गेले, की १०० डॉलर गेले. वर वाहनतळाचे ३०. स्वस्त खोलीतून वाचलेले पैसे असे गुपचूप संपतात.

याचा अर्थ सगळ्यांनी महागड्या हॉटेलात राहावं, असा मुळीच नाही. २०१९ च्या सप्टेंबरात डिस्नेनं ‘स्कायलायनर’ हा रोपवे सुरू केला आणि स्वस्त गटातल्या ‘पॉप सेंच्युरी’ व ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’ या दोन हॉटेलांचं नशीब पालटलं. तिथून एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज या दोन्ही पार्कना रोपवेच्या पाळण्यानं जाता येतं. बसमध्ये चढताना मूल कडेवर घेऊन स्ट्रोलर मिटावा लागतो, पाळण्यात बहुतेक स्ट्रोलर तसेच ढकलत नेता येतात. लहान मूल घेऊन फिरणाऱ्या आईला हा केवढा दिलासा, हे तिलाच विचारावं. एक अडचण मात्र ठाऊक असावी. विजा चमकू लागल्या की पाळणे थांबवतात आणि फ्लोरिडात त्या चमकतात त्या नेमक्या दुपारी. तेव्हा बसचा आधार. आकाश भरून आलेलं दिसलं, की अर्धा तास आधी निघावं.

‘ऑल-स्टार’ नावाची तीन हॉटेलं याहून स्वस्त, पण तिथं भिस्त केवळ बसवर. तरीही त्यातल्या ‘ऑल-स्टार म्युझिक’मधले फॅमिली स्वीट मराठी कुटुंबांनी जरूर पाहावेत. सहा जणांची सोय, स्वयंपाकाचा छोटा ओटावजा कोपरा आणि दोन न्हाणीघरं. ही दोन न्हाणीघरं फार मोलाची. कारण डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहणाऱ्यांना रोज सगळ्या पार्कमध्ये इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. दिवसभर तासभराची रांग असणाऱ्या ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ किंवा ‘पीटर पॅन्स फ्लाइट’साठी तो अर्धा तास सोन्याचा असतो. पण सहा जणांच्या आंघोळी एकाच नळावर व्हायच्या असतील, तर तो हातचा गेलाच म्हणायचा.

रांगा टाळण्यासाठी पैसे भरून घ्यायच्या ‘लायटनिंग लेन’च्या वेळांचंही तसंच. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी साऱ्या मुक्कामाच्या वेळा राखता येतात. बाहेर राहणाऱ्यांना ही खिडकी प्रत्येक भेटीच्या तीन दिवस आधी उघडते. तोवर सोयीच्या वेळा उडालेल्या असतात.

यावर बाहेर राहणाऱ्यांकडे एक भक्कम उत्तर आहे: स्वयंपाकघर. किसिमी, डेव्हनपोर्ट या भागांत भाड्यानं मिळणाऱ्या बंगल्यांची मोठी वस्ती आहे. चार-पाच खोल्या, मागं स्वतःचा पोहण्याचा तलाव, भांडीकुंडी, कपडे धुण्याचं मशीन. दोन कुटुंबं मिळून दहा जण असतील, तर माणशी खर्च हॉटेलच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. सकाळी पोहे, रात्री वरण-भात. डिस्नेत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मागितलं तर स्वयंपाकी स्वतः येऊन बोलतात. पण मधुमेह असलेल्या आजोबांना औषधाच्या वेळा सांभाळून पाच दिवस पिझ्झा, पास्ता आणि फ्राइजवर ठेवणं बरं नव्हे. ज्यांची प्रकृती जेवणावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी बंगला हाच शहाणपणाचा मुक्काम. अशा घरांनी मग बेत वेगळा आखावा: एक दिवस पार्क, एक दिवस घरच्या तलावात आराम. रोज धावाधाव नको. गाडी भाड्यानं घेताना मुलांच्या आसनाची सोय आधी करावी. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत योग्य आसनाशिवाय बसवता येत नाही.

बाहेरच्या हॉटेलांबाबत आणखी एक खबरदारी. खोलीच्या दरावर रोजची सक्तीची ‘रिसॉर्ट फी’ चढवायची खोड इथं जुनी आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमामुळं ही फी आता जाहिरातीतल्या दरातच दाखवावी लागते. कर त्यावर वेगळा: ऑरलँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथं साडेबारा टक्के आणि किसिमीच्या ऑसिओला काउंटीत साडेतेरा. हॉटेलच्या वाहनतळाचं भाडंही वेगळं असू शकतं. डिस्नेच्या हॉटेलांत २०२३ पासून पाहुण्यांच्या गाडीला रात्रीचं भाडं नाही. दोन दरांची तुलना हे सारं मिळवल्यावरच करावी.

स्वयंपाकघरही हवं आणि पार्कही जवळ हवं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक मधली वाट आहे आणि आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नसते. १९९१ पासून डिस्नेची एक सभासद योजना चालते. सभासदांना दरवर्षी ठरावीक गुण मिळतात आणि त्या बदल्यात ते डीलक्स हॉटेलांतले व्हिला वापरतात. ज्यांना एखाद्या वर्षी जाणं जमत नाही, ते आपले गुण भाड्यानं देतात. त्यातून घेतलेला व्हिला थेट डिस्नेकडून घेतलेल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. एक किंवा जास्त बेडरूमच्या व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन असतं. अट इतकीच, की बेत रद्द झाला तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत. आई-बाबांचा व्हिसा हातात येण्याआधी या वाटेला जाऊ नये.

छायाचित्रांना भुलून होणारी निवड म्हणजे ‘ॲनिमल किंगडम लॉज’. सज्जातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. तिथल्या ‘सना’ उपाहारगृहात नान आणि चटण्यांचं ताट अमेरिकन लोक हौसेनं मागवतात. आजी-आजोबा इथं मनापासून रमतील. पण हे हॉटेल मालमत्तेच्या एका टोकाला आहे, दळणवळण फक्त बसचं आणि मॅजिक किंगडम लांब. ज्यांचं मूल राजकन्यांसाठी वेडं आहे आणि तीन दिवस तिथंच जायचं आहे, त्यांनी जिराफ पाहायला एक दुपार इथं जेवायला यावं, मुक्काम दुसरीकडे करावा.

ही सगळी चर्चा ऑरलँडोच्या अवाढव्यपणामुळं. सिंगापूरला ती लागू होत नाही. तिथला युनिव्हर्सल स्टुडिओज सेंटोसा बेटावर आहे आणि लिटल इंडियापासून बेटासमोरच्या हार्बरफ्रंटपर्यंत मेट्रो एकाच मार्गावर जाते, गाडी न बदलता. खाली उतरलं की शाकाहारी थाळी मिळेल अशा लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवर राहून पार्कचा एक दिवस आरामात होतो. पॅरिसचं डिस्नेलँडही शहरातून उपनगरी रेल्वेनं पाऊण तासाच्या आत गाठता येतं आणि स्टेशन पार्कच्या दारातच आहे. खोपोलीचं इमॅजिका तर मुंबई-पुण्याहून सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं. फाटकाशेजारच्या हॉटेलाचा विचार कोल्हापूर-नाशिककडून येणाऱ्यांनी किंवा वॉटर पार्कला दुसरा दिवस देणाऱ्यांनी करावा.

ऑरलँडोतच, पण डिस्नेपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या अंतरावर युनिव्हर्सलचं वेगळं साम्राज्य आहे आणि तिथलं गणित पुन्हा निराळं. घरात दहावी-बारावीच्या वयाची मुलं असतील तर त्यांचा जीव हॅरी पॉटरमध्ये आणि रोलरकोस्टरमध्ये असतो. युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या खोलीतल्या प्रत्येकाला रांग टाळणारा अमर्याद ‘एक्स्प्रेस’ पास फुकट मिळतो. एरवी गर्दीच्या दिवसांत त्यासाठी माणशी १०० डॉलरहून जास्त मोजावे लागतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला खोलीचं भाडं महाग वाटलं, तरी चार पासांची किंमत वजा केल्यावर ते हलकं होतं. मे २०२५ मध्ये उघडलेल्या ‘एपिक युनिव्हर्स’ला मात्र हा पास चालत नाही, तो जुन्या दोन पार्कांपुरता आहे. त्यामुळं फक्त नवा पार्क पाहायचा असेल, तर या हॉटेलांचा जादा पैसा वाया जातो.

पास पहिल्या आणि शेवटच्या दिवशीही चालतो, म्हणून एका रात्रीच्या भाड्यात पार्कचे दोन दिवस साधतात. डिस्नेचे चार दिवस झाल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी, दर उतरलेले असताना, इथं एक रात्र घ्यावी. खोली दुपारी चारला ताब्यात मिळते, पण सकाळीच जाऊन सामान बेल डेस्ककडे सोपवावं आणि पास काढून घ्यावेत. मुलं कोस्टरवर जातील. आजी-आजोबांना तलावाकाठी सावलीत बसता येईल आणि पार्कमधून हॉटेलपर्यंतची वाट पायी दहा-पंधरा मिनिटांची असल्यामुळं दुपारचं जेवण सगळ्यांना एकत्र घेता येईल.