मदर मशीन

मदर मशीन हे एकेका जिवंत जिवाणूची वाढ अनेक पिढ्यांपर्यंत पाहण्यासाठी वापरले जाणारे मायक्रोफ्लुइडिक, म्हणजे अतिसूक्ष्म नलिकांतून द्रव वाहू देणारे, उपकरण आहे. सुकजून जुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ते विकसित केले आणि २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पार्श्वभूमी

परीक्षानळीतील कोट्यवधी जिवाणूंच्या मोजमापातून केवळ सरासरी कळते. आगाराच्या थरावर एकच पेशी वाढवली, तरी काही तासांत तिच्याभोवती वसाहत दाटते, पोषकद्रव्ये घटतात आणि निरीक्षण थांबवावे लागते.

रचना व कार्य

पीडीएमएस या पारदर्शक, सिलिकॉनयुक्त बहुवारिकाच्या ठोकळ्यावर साच्याने नलिका उमटवून तो काचेवर चिकटवतात. ई. कोलाय या जिवाणूसाठी प्रत्येक नलिका सुमारे १ मायक्रोमीटर रुंद व २५ मायक्रोमीटर लांब असते. तिचे एक टोक बंद असते, तर दुसरे पोषक द्रव वाहणाऱ्या मुख्य वाहिनीत उघडते. बंद टोकाशी अडकलेल्या पेशीस ‘मातृपेशी’ म्हणतात. ती विभागली की नवी पेशी तोंडाकडे ढकलली जाते आणि शेवटी प्रवाहाबरोबर वाहून जाते. त्यामुळे नलिकेत गर्दी होत नाही, पोषण स्थिर राहते आणि तीच मातृपेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिवसेंदिवस पाहता येते.

निष्कर्ष

विभाजनानंतर जुना ध्रुव ज्या पेशीकडे राहतो तिची वाढ हळूहळू मंदावते, असे २००५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी नोंदवले होते. मदर मशीनमध्ये मात्र अशा पेशींचा वाढीचा वेग सुमारे २०० पिढ्या स्थिर राहिला. वयाबरोबर वाढली ती मृत्यूची शक्यता. म्हणजेच ‘म्हातारपण’ वाढीच्या वेगात दिसले नाही.

२०१५ मधील अभ्यासात आणखी एक नियम स्पष्ट झाला. स्थिर परिस्थितीत पेशी जन्मतः लहान असो वा मोठी, विभाजनापूर्वी ती सरासरी सारखीच भर घालते. परिणामी आकारातील तफावत दर पिढीस निम्म्याने घटते.

उपयोग व मर्यादा

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात २०१७ मध्ये अशाच नलिकांत जिवाणू अडकवून, प्रतिजैविकाने त्यांची वाढ मंदावते का, हे ३० मिनिटांच्या आत ओळखण्याची पद्धत दाखवण्यात आली. मूत्रमार्गाच्या संसर्गात योग्य औषध लवकर निवडण्यासाठी ती उपयुक्त ठरू शकते. नलिकेची रुंदी मात्र जिवाणूच्या जाडीशी जुळावी लागते. शिवाय पीडीएमएस काही जलविरोधी औषधे शोषून घेते. त्यामुळे पेशीपर्यंत पोहोचणारी मात्रा कमी होऊ शकते.