धर्मादाय मेजवानी आणि तिचे आश्रयदाते

दानाच्या रीती देशपरत्वे भिन्न असतात. आमच्याकडे कोणी विहीर बांधतो, कोणी धर्मशाळेच्या भिंतीत आपल्या वडिलांच्या नावाची शिला बसवितो, तर कोणी वर्गणीच्या यादीत रक्कम लिहून नावाच्या जागी ‘एक सद्गृहस्थ’ एवढेच लिहितो. अमेरिकेत ह्या रीतींच्या जोडीस आणखी एक रीत दृढमूल झालेली आहे. मोठ्या हॉटेलातील दिवाणखाना भाड्याने घ्यावयाचा, शेकडो पाहुण्यांस भारी दराची तिकिटे विकावयाची, उत्तम भोजन, गायनवादन व लिलाव ह्यांची योजना करावयाची, आणि खर्च वजा जाता जी रक्कम उरेल ती एखाद्या रोगाच्या संशोधनास अर्पण करावयाची. अशा समारंभास तिकडे ‘गाला’ म्हणतात. मधुमेहाच्या संशोधनास गेल्या पन्नास वर्षांत अशा समारंभांनी पुष्कळ द्रव्य पुरविले आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात येथेच शंका उभी राहील. रोग्यांसाठी पैसा द्यावयाचा तर तो सरळ द्यावा. त्यासाठी आधी आपण पक्वान्नांवर ताव कशास मारावा? त्यातून रोग मधुमेह, आणि जेवणाच्या शेवटी ताटात गोड पदार्थ! शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर त्या मेजवानीच्या पाहुण्यांपाशी नसून तिच्या आश्रयदात्यापाशी आहे. ज्यास हल्ली ‘प्रायोजक’ म्हणतात तो हा गृहस्थ, किंवा बहुधा ती व्यापारी कंपनी, नेमके काय करिते हे समजून घेतले म्हणजे मेजवानीचे बरेवाईट आपोआप उमगते.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. मधुमेह हे नाव आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होते. घरोघरी वडीलधाऱ्या माणसांस जो जडलेला आपण पाहतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होय; त्यात शरीर इन्सुलिनला जुमानीनासे होते. पहिला प्रकार निराळा आहे. त्यात शरीराचे रक्षण करणारे सैन्यच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करिते. हा प्रकार पुष्कळदा बालपणी किंवा कुमारवयात प्रगट होतो, आणि त्यात मुलाचा किंवा आईबापांचा काही अपराध नसतो. इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशा मुलास जगविण्याचा एकच उपाय असे, तो म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणे. आणि त्यानेही मृत्यू केवळ काही काळ लांबे.

इ. स. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे डॉ. फ्रेडरिक बँटिंग व त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट ह्यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य वेगळे काढले, आणि कॉलिप नामक रसायनज्ञाने ते शुद्ध केले. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास त्याची सुई देण्यात आली. पहिल्या सुईचा विशेष उपयोग झाला नाही. शुद्ध केलेल्या औषधाची सुई त्याच महिन्याच्या २३ तारखेस दिली, तिने गुण आला. पुढील वर्षी संशोधकांनी आपला हक्क केवळ नाममात्र एकेक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठास देऊन टाकिला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

इन्सुलिनने प्राण वाचले, रोग मात्र गेला नाही. दिवसातून अनेक वेळा सुई, साखरेची सततची मोजदाद, आणि रात्री मूल झोपले असता त्याची साखर एकाएकी उतरेल की काय ही धास्ती, हा त्या घरांचा नित्यक्रम होऊन बसला. ह्या धास्तीने गांजलेल्या काही मातापितरांनी १९७० साली अमेरिकेत ‘ज्युव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशन’ ही संस्था स्थापिली. २०२४ पासून ती ‘ब्रेकथ्रू टी-वन-डी’ हे नाव लाविते. तिच्या शाखा निरनिराळ्या शहरी दरवर्षी गाला भरवितात. दुसरे उदाहरण डेन्व्हर शहराचे. तेथील तेलाचे धनाढ्य व्यापारी मार्व्हिन डेव्हिस व त्यांच्या पत्नी बार्बरा ह्यांच्या कन्येस बालपणीच हा रोग जडला. त्या दांपत्याने १९७८ साली तेथे ‘कॅरोसेल बॉल’ नावाचा मोठा समारंभ सुरू केला. कॅरोसेल म्हणजे जत्रेतील लाकडी घोड्यांचे गरगर फिरणारे चक्र. बालमधुमेहासाठी कोलोरॅडो विद्यापीठाशी निगडित असे जे केंद्र बार्बराबाईंच्या नावाने डेन्व्हरनजीक ऑरोरा येथे चालते, त्यास ह्या समारंभाचा मोठा आधार झाला.

आता हिशेबाकडे वळू. कल्पनेने असे धरू की, एका गालास चारशे पाहुणे येतात व प्रत्येकाचे तिकीट पाचशे डॉलरांचे आहे. तिकिटांचे दोन लक्ष डॉलर झाले. जेवणास माणशी दीडशे, म्हणजे साठ हजार. दिवाणखाना, दिवे, वादक, छपाई ह्यांस आणखी चाळीस हजार. एक लक्ष तर त्या रात्रीतच जिरून गेले, आणि संशोधनास पाहुण्याच्या पाचशांपैकी अडीचशेच पोहोचले. पुढे एखादी बँक किंवा कारखाना येऊन म्हणतो, ‘हा लाखाचा खर्च आम्ही सोसतो, निमंत्रणपत्रिकेवर आमचे नाव छापा व दहा जणांचे एक मेज आम्हांस द्या.’ ह्यासच प्रायोजन म्हणतात. प्रायोजकाचा पैसा भातात व दिव्यांत जातो, आणि म्हणूनच पाहुण्याचा पैसा प्रयोगशाळेत जाऊ शकतो. लग्नात मंडपाचा खर्च मामाने उचलावा व आहेर वधूस अखंड मिळावा, तसा हा प्रकार आहे.

जेवणानंतर लिलाव होतो. दान मिळालेल्या वस्तू, प्रवासाची तिकिटे, चित्रे इत्यादि विकतात. ह्याहून महत्त्वाचा भाग त्यानंतरचा. वर सांगितलेल्या संस्थेच्या गालांत त्यास ‘फंड अ क्युअर’ म्हणतात. कोणी आई किंवा कोणी रोगी मूल व्यासपीठावर येऊन आपली हकीकत सांगते. मग पुकारणारा रकमा पुकारितो, आणि ज्यास द्यावयाचे असेल तो आपल्या क्रमांकाची पाटी उंच करितो. ह्याच्या मोबदल्यात काहीही मिळत नाही. आमच्या मते साऱ्या रात्रीतील निर्भेळ दान ते हेच. बाकीचे अर्धे दान व अर्धा सौदा होय.

दान कोणते व सौदा कोणता, हे अमेरिकेच्या करकायद्याने मोठ्या बारकाईने ठरविले आहे. पाचशेचे तिकीट घेणाऱ्यास जर दीडशेचे जेवण मिळाले, तर साडेतीनशेच दान समजावयाचे, आणि तेवढ्यावरच करातून सूट मागावयाची. जेवणाचा खर्च प्रायोजकाने दिला असला तरी पाहुण्याने जेवण जेवले ते जेवलेच! पंचाहत्तर डॉलरांहून अधिक रक्कम घेताना जेवणाचे मूल्य किती, हे पाहुण्यास लेखी कळविणे संस्थेस बंधनकारक आहे. प्रायोजकासाठीही नियम आहे. १९९१ साली तेथील करखात्याने कॉटन बोल नामक फुटबॉल सामन्याच्या प्रायोजनास जाहिरातीचे उत्पन्न ठरविले, तेव्हा साऱ्या धर्मादाय संस्था हादरल्या. अखेर १९९७ च्या कायद्याने रेषा आखली गेली. प्रायोजकाचे नाव व चिन्ह दाखवून आभार मानावेत, हे चालेल. परंतु ‘ह्यांचा माल सर्वांत उत्तम’, ‘ह्यांच्या मालाची किंमत अमुक’, ‘ह्यांचाच माल घ्या’ असे म्हटले की ती जाहिरात झाली. शिवाय मोठ्या समारंभांचा जमाखर्च संस्थांच्या वार्षिक विवरणपत्रात निराळा दाखवावा लागतो, आणि ते विवरणपत्र कोणासही पाहता येते. निमंत्रणपत्रिकेवरील सोनेरी अक्षरांपेक्षा ह्या रुक्ष कागदातील भोजन, जागा व करमणूक ह्या तीन ओळी अधिक बोलक्या असतात. त्या वाचूनच पाटी वर करावी की नाही हे ठरवावे.

परंतु हिशेब चोख असूनही एक प्रश्न उरतो, व तो आमच्या मते सर्वांत कठीण आहे. प्रायोजक कोण असावा? बँकेने किंवा किराणा मालाच्या व्यापाऱ्याने खर्च उचलला तर कोणी हरकत घेत नाही. पण मधुमेहाचेच औषध अथवा उपकरण विकणारी कंपनी जेव्हा मधुमेहाच्या मेजवानीचा खर्च सोसते, तेव्हा काय म्हणावे? जे औषध शोधणाऱ्यांनी एका डॉलरात दिले, त्याच्या नव्या प्रकारांच्या किमती अमेरिकेत गेल्या पिढीत कित्येक पटींनी चढल्या, आणि पैशाअभावी मात्रा पुरवून पुरवून घेणारे रोगी तेथे निघाले. लोकांचा क्षोभ वाढल्यावर २०२३ च्या मार्चमध्ये तिन्ही मोठ्या इन्सुलिन कंपन्यांनी आपल्या किमती उतरविण्याचे जाहीर केले. लिली कंपनीने आपल्या अधिक खपाच्या इन्सुलिनांची किंमत सत्तर टक्क्यांनी कमी केली. अशा कंपनीचा पैसा घेणाऱ्या संस्थेस किमतीविरुद्ध बोलताना जीभ जड होणार नाही काय? रोग्यांच्या काही मंडळ्या म्हणूनच औषध कंपन्यांकडून एक कवडीही स्वीकारीत नाहीत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पैसा कोठूनही येवो, प्रयोगशाळेतील दिवा तर पेटतो. आम्ही पहिल्या पक्षाकडे अधिक झुकतो. तथापि दुसऱ्याचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे म्हणवत नाही, कारण फळ डोळ्यांपुढे आहे.

ते फळ म्हणजे टेप्लिझुमॅब नावाचे औषध. शरीराच्या उलटलेल्या सैन्यास ते काहीसे शांत करिते. नुकताच रोग जडलेल्यांवरील त्याच्या पहिल्या प्रयोगाचा वृत्तांत २००२ साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली ७६ जणांवरील प्रयोगाचा निष्कर्ष आला. हे सर्व मधुमेही रुग्णांचे नातलग होते, व त्यांस स्वतःस हा रोग होण्याचा धोका फार मोठा होता. औषध न मिळालेल्यांपैकी निम्म्यांस सुमारे चोवीस महिन्यांत रोग प्रगट झाला. औषध मिळालेल्यांत त्यास सुमारे अठ्ठेचाळीस महिने लागले. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आठ वर्षे व त्यावरील वयाच्या रोग्यांसाठी अमेरिकन सरकारने ह्या औषधास मान्यता दिली. ह्या संशोधनाचा मोठा भार तेथील सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने उचलला, व गाला भरविणाऱ्या उपरोक्त संस्थेनेही त्यास हातभार लाविला. दोन वर्षे सुईवाचून! ज्या घरात आठ वर्षांचे मूल आहे त्या घरास ह्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पण त्याच औषधाच्या चौदा दिवसांच्या एका क्रमाची किंमत बाजारात येताना सुमारे १,९४,००० डॉलर जाहीर झाली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या इकडेही आता मुंबई-पुण्याच्या कंपन्या धर्मादाय धावण्याच्या शर्यती, संगीताचे जलसे व मेजवान्या ह्यांस आश्रय देऊ लागल्या आहेत. तेव्हा येथील नियम पालकांस ठाऊक असावा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास खर्चावे लागतात. परंतु २०२१ साली सुधारलेल्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या मालास बाजारात लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजन ह्या दोन टक्क्यांत धरले जाणार नाही. अर्थात मधुमेहाच्या मेजवानीच्या मंडपावर कंपनीने मालाच्या प्रसिद्धीसाठी पाटी झळकविली तर तो खर्च तिने आपल्या जाहिरातखाती लिहावयाचा. तीच रक्कम तिने सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठातील वैद्यकीय संशोधनास दिली, तर ती समाजकार्याच्या खाती लिहिता येते.