सुट्टी गोव्यात, धूर छातीत

धानाची मळणी आटोपली आणि थंडी पडू लागली, की चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक घरांत सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत मार्कंडा, शेगाव, फार तर पंढरपूर-शिर्डीपर्यंत जात. आता गोव्याचे नाव हमखास निघते. समुद्र, किल्ले, चर्च पाहून झाले की पणजीत मांडवी नदीत उभ्या असलेल्या, रात्री दिव्यांनी झगमगणाऱ्या जहाजांकडे पावले वळतात. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोसंबंधी कायदा झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. त्यामुळे कॅसिनो म्हटले की विदर्भातला माणूस गोव्याचीच वाट धरतो.

खिशाला किती झळ बसेल, याचा हिशेब बहुतेक जण आधीच करून जातात. छातीला किती झळ बसेल, याचा हिशेब मात्र कुणी करत नाही. बंद, वातानुकूलित दालनात शेजारी कुणी सिगारेट ओढत असेल, तर स्वतः कधीही बिडी-सिगारेटला हात न लावलेला माणूसही तीन-चार तास तो धूर घेत राहतो. यालाच परोक्ष धूम्रपान म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, स्वतः धूम्रपान न करणारे बारा लाखांहून अधिक लोक दरवर्षी जगात दुसऱ्याच्या धुरामुळे मरतात.

आपल्या भागाला हा धूर नवा

आपल्याकडे तंबाखू काही कमी नाही. पण तो बहुतांशी तोंडात असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. त्यात धूर काढणारे जेमतेम ३.८ टक्के आहेत, तर चघळणारे-घासणारे २४.४ टक्के. चंद्रपूर-गडचिरोलीत हे चित्र पानठेल्यावर रोज दिसते. तेंदूपत्ता इथल्याच जंगलातून जातो, पण गावात चालतो तो खर्रा. २०१६ पासून गडचिरोलीत सुरू असलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाचाही बराच भर दारूसोबत खर्ऱ्यावर आहे.

बिडी ओढणारेही बहुधा उघड्यावर ओढतात. बांधावर, पारावर, अंगणात धूर पांगायला जागा असते. पोळ्याच्या दिवसांत बंद खोलीत रंगणारे पत्त्यांचे डाव हा त्याला अपवाद. अशा खोलीत रात्रभर बसलेल्याचे डोळे सकाळी लाल असतात, डोके जड असते, कपड्यांना वास असतो. डाव कॅसिनोच्या टेबलावर असला तरी बंद खोलीचा हा हिशेब बदलत नाही. फक्त वर थंड हवेचा झोत असतो, म्हणून तो जाणवत नाही.

थंड हवा म्हणजे शुद्ध हवा नव्हे

वातानुकूलन यंत्र हवा थंड करते. बहुतेक वेळा ते आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवते, बाहेरची ताजी हवा थोडीच घेते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक घटक असतात. त्यातील सुमारे ७० घटक कर्करोगाला कारण ठरतात. धुराचे कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात. कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड हे वायू तर कोणत्याही साध्या गाळणीत अडकत नाहीत.

‘धूम्रपान करणाऱ्यांची टेबले त्या बाजूला आहेत’ या सांगण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. एकाच दालनात धूर एका कोपऱ्यात थांबत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हे स्पष्ट नोंदवले आहे. बसण्याच्या जागा वेगळ्या करून, हवा शुद्ध करणारी यंत्रे लावून किंवा वायुवीजन वाढवून परोक्ष धूम्रपानाचा धोका पूर्ण जात नाही. या धुराचे ‘एवढे चालेल’ असे सुरक्षित प्रमाण नाही, असेही तो अहवाल सांगतो.

हृदयावर परिणाम तासाभरातच

धूर म्हटला की आपल्याला कर्करोग आठवतो, आणि कर्करोगाला वर्षे लागतात म्हणून चार तासांची चिंता वाटत नाही. हृदयाचे तसे नाही. जपानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तरुणांना ३० मिनिटे सिगारेटच्या धुरात बसवले गेले. तेवढ्या वेळातही त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची, गरजेनुसार प्रवाह वाढवण्याची क्षमता घटली. धुरामुळे रक्तातील प्लेटलेट चिकट होतात आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला हे महागात पडू शकते.

कॅसिनोच्या बाबतीत याचा एक बोलका पुरावा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मिळाला. तेथे २००६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली, पण कॅसिनोंना सूट होती. गिल्पिन परगण्यात अनेक कॅसिनो आहेत. बंदीनंतर तेथे कॅसिनोबाहेरील ठिकाणांहून रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. कॅसिनोंतून येणाऱ्या फोनमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. २००८ मध्ये कॅसिनोंनाही बंदी लागू झाली आणि मग तेथून येणारे फोनही सुमारे १९ टक्क्यांनी घटले.

पाहुणा चार तासांनी बाहेर पडतो, पत्ते वाटणारा कर्मचारी मात्र पूर्ण पाळी तेथेच असतो. लास वेगासमधील कॅसिनोंत अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने अशा कर्मचाऱ्यांची तपासणी केली. पाळी संपताना त्यांच्या लघवीत तंबाखूतील एका कर्करोगकारक द्रव्याचे अंश पाळीच्या सुरुवातीपेक्षा वाढलेले आढळले. हॉटेल व्यवसायात नोकरीसाठी विदर्भातून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोणी अधिक जपावे?

आपल्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात पहिले नाव सिकलसेलच्या रुग्णांचे घ्यावे लागेल. कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. घरातील धुरामुळे सिकलसेलग्रस्त मुलांमध्ये असे झटके वाढतात, हे अभ्यासांत दिसले आहे. त्यात दालनातली कडक थंडी, अपुरे पाणी, जागरण आणि मद्य यांची भर पडली तर झटक्याला आमंत्रणच. ‘एसएस’ प्रकारच्या रुग्णाने अशा ठिकाणी न जाणेच बरे. केवळ वाहक असलेल्या ‘एएस’ व्यक्तीला सहसा असा त्रास होत नाही; तिने इतरांइतकीच काळजी घ्यावी.

दुसरा गट दमा आणि जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांचा. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट कारखान्यांच्या परिसरात वर्षानुवर्षे राहिलेल्या, काम केलेल्या अनेकांची फुप्फुसे आधीच थकलेली असतात. क्षयरोग बरा झालेल्यांच्या फुप्फुसातही कायमचे व्रण राहू शकतात. अशा व्यक्तीला तासाभराच्या धुरानेही धाप लागू शकते.

तिसरा गट हृदयरोगी, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा. निवृत्तीनंतर मुलांसोबत फिरायला निघालेले आई-वडील बहुधा याच गटात असतात आणि ‘तुम्ही इथे बसा, आम्ही येतोच’ म्हणून त्यांनाच टेबलाशेजारी बसवून ठेवले जाते.

चौथा गट गर्भवती आणि लहान मुले. परोक्ष धूम्रपानाने बाळाचे जन्मवजन घटते. मुलांत दमा, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग वाढतात. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला खेळाच्या दालनात प्रवेश नसतो, पण मुलांसाठी त्याच जहाजावर वेगळी खोली असेल तर तिची हवा कुठून येते, हे पाहायला हवे.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. गोव्याने तर १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला होता. पुढे २००३ चा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा, म्हणजे ‘कोटपा’, आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. या कायद्यात सार्वजनिक जागेच्या व्याख्येत उपाहारगृहे, सार्वजनिक वाहने आणि मनोरंजन केंद्रेही येतात.

३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना वेगळी धूम्रपान खोली ठेवता येते. पण तिच्या अटी स्पष्ट आहेत. चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारे हवे. आतली हवा थेट बाहेर फेकली जायला हवी, इमारतीच्या इतर भागात मिसळता कामा नये. ही खोली प्रवेशद्वाराशी नसावी. सार्वजनिक जागेत राखदाणी, काडेपेटी, लायटर पुरवणेही नियमाविरुद्ध आहे. नियम मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. दर्शनी भागात धूम्रपानबंदीचा फलक आणि त्यावर तक्रार ज्याच्याकडे करायची त्याचे नाव असणे बंधनकारक आहे. ई-सिगारेटच्या विक्रीवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

म्हणजेच पत्त्यांच्या टेबलावर राखदाणी दिसली, तर ‘इथे असेच चालते’ म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. ताडोबात जिप्सीत बसल्यावर कुणी सिगारेट पेटवली, तर मार्गदर्शक लगेच थांबवतो आणि कुणी वाद घालत नाही. जंगलाला आग लागू नये म्हणून जे आपण निमूट पाळतो, ते शेजारच्या माणसाच्या फुप्फुसासाठीही पाळायला हवे.

परदेशी जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे असतात हे ध्यानात घ्यावे. मकाऊत २०१९ पासून फक्त ठरावीक बंदिस्त खोल्यांतच धूम्रपान करता येते. इंग्लंडमधील कॅसिनो २००७ पासून धूरमुक्त आहेत. अमेरिकेत नेवाडा आणि न्यू जर्सी राज्यांच्या २००६ च्या कायद्यांनी मात्र कॅसिनोंच्या दालनांना सूट दिली. मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सीत राहायला गेलेल्या आई-वडिलांना सहल म्हणून अटलांटिक सिटी दाखवली जाते, त्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

जायचेच असेल तर

• आरक्षणापूर्वी फोन करून थेट विचारावे: खेळाच्या दालनात धूम्रपान चालते का, की वेगळी खोली आहे? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे ठिकाण पाहावे.

• हॉटेलची खोली धूम्रपानमुक्तच मागावी, शक्यतो पूर्ण हॉटेलच धूरमुक्त असलेले निवडावे. धुराचे अंश पडदे, गाद्या, भिंतींवर राहतात. खोलीत शिरताच वास आला तर सामान उघडण्याआधी खोली बदलून घ्यावी.

• आत गेल्यावर वास आला किंवा डोळे चुरचुरले, तर टेबल बदलून भागत नाही. मोकळ्या डेकवर यावे. थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर असे करून धुराची मात्रा घटते, शून्य होत नाही.

• साधा मास्क किंवा रुमाल निरुपयोगी. एन-९५ मास्क बारीक कण बरेच अडवतो, पण वायू अडवत नाही. खिशातले छोटे ‘एअर प्युरिफायर’ घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

• दम्याच्या रुग्णाने पंप खोलीवर न ठेवता खिशात ठेवावा. हृदयरोग्याने नेहमीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती जवळ ठेवावी. जहाज नदीत असते, किनाऱ्यावर यायला छोट्या बोटीची वाट पाहावी लागते, हे विसरू नये.

• छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काहीही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून बसून राहू नये. कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे, किनाऱ्यावर येऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

• परतल्यावर कपडे बदलून, अंघोळ करूनच लहान बाळाला जवळ घ्यावे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून रात्री डोके दुखत राहू शकते. मोकळी हवा आणि विश्रांती घ्यावी.

• रेल्वेच्या डब्यात, अगदी दाराशी वा शौचालयाजवळही, धूम्रपान हा गुन्हा आहे. कुणी ओढत असेल तर तिकीट तपासनिसाला सांगावे किंवा १३९ वर तक्रार करावी.

सोबतच्या मंडळींपैकी कुणी सिगारेट ओढत असेल, तर सहलीचे चार दिवस ही सोडण्याची चांगली सुरुवात ठरू शकते. रोजचा पानठेला, रोजची सोबत आणि रोजचा ताण दूर असतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. खर्ऱ्यासाठीही तोच क्रमांक चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सरकारी रुग्णालयांतही याबाबत सल्ला घेता येतो.

मांडवीच्या काठावर संध्याकाळी फिरायला एक रुपयाही लागत नाही आणि तिथली हवा खारी असली तरी स्वच्छ असते. जहाजावर जायचे की काठावर बसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण सोबत सिकलसेलचा मुलगा, दम्याची आई किंवा हृदयाचे ऑपरेशन झालेले वडील असतील, तर त्यांच्यासाठी उत्तर एकच आहे. धूर असलेल्या दालनात त्यांना नेऊ नये.