नवा ग्राहक आणि खर्चाची मात्रा

औषध उत्तम असले की ग्राहक आपोआप येतो, ही आपल्या व्यवसायातील जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु दुकानाचे भाडे आणि नोकरांचे वेतन देताना ती पुरेशी ठरत नाही. म्हणून हस्तपत्रके, सवलती, नमुना-पुड्या यांवर खर्च होतो. हा खर्च किती करावा, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

चरकसंहितेतील मात्राशितीय अध्याय आपणा सर्वांना परिचित आहे. आहाराची मात्रा अग्निबलावर ठरते. त्याचप्रमाणे जाहिरातीच्या खर्चाची मात्रा शेजारच्या दुकानदाराच्या फलकावरून नव्हे, तर आपल्या ढोबळ नफ्याच्या बळावरून ठरवावी.

सदाशिव पेठेतील एखाद्या आयुर्वेदिक औषधी दुकानाचे कल्पित उदाहरण घेऊ. कर वगळता सरासरी बिल ४०० रुपये आणि त्यावर ढोबळ नफा २५ टक्के, म्हणजे १०० रुपये आहे. या पेठेत दोन प्रकारचे ग्राहक ठळकपणे दिसतात. पहिला, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे कुटुंब. ते वर्षाला १० वेळा, तीन वर्षे आले, तर ३,००० रुपये ढोबळ नफा मिळेल. दुसरा, स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी. तो वर्षभरात चार वेळा केशतेल अथवा च्यवनप्राश नेऊन गावी परतला, तर नफा ४०० रुपयेच.

यातील सर्व रक्कम ग्राहक मिळविण्यावर खर्च करता येत नाही. भाडे, वेतन, वीज याच नफ्यातून द्यावयाची असते. एक-तृतीयांश हा वाटा धरला, तर कुटुंबासाठी १,००० आणि विद्यार्थ्यासाठी सुमारे १३३ रुपये मर्यादा येते. दुसरी कसोटी रोख रकमेची. खर्च आज होतो, नफा मात्र तीन वर्षे थोडा थोडा येतो. खर्च सहा महिन्यांत वसूल व्हावा असे ठरविल्यास कुटुंबाकडून तोवर ५०० आणि विद्यार्थ्याकडून २०० रुपये हाती येतील. दोन्ही कसोट्यांत जो आकडा कमी, तीच आपली मर्यादा: कुटुंबासाठी ५०० व विद्यार्थ्यासाठी १३३ रुपये.

आता प्रत्यक्ष खर्च तपासू. वृत्तपत्रांतून वाटलेली हस्तपत्रके, नमुने आणि पहिल्या खरेदीवरील सवलत मिळून ८,००० रुपये लागले आणि २० कुटुंबे आली. प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे व्यवहार फायद्याचा वाटतो. परंतु पुन्हा आली ती १२ कुटुंबेच. उरलेल्या आठांच्या एकेका खरेदीचा ८०० रुपये नफा वजा केला, तरी टिकाऊ ग्राहकामागे ६०० रुपये पडले. मर्यादा ओलांडली गेली! हे कळण्यासाठी ‘आपणास आमचे नाव कोठून समजले?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहीत टिपून ठेवणे आवश्यक आहे.

मोठ्या उत्पादकांचे अनुकरण येथे उपयोगी पडत नाही. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विकोची उत्पादने आरंभी घरोघरी जाऊन विकली गेली. पुढे १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेला विकोने प्रायोजकत्व दिले. तो खर्च देशभरातील विक्रीवर विभागला जातो. आपला खर्च चार गल्ल्यांतील ग्राहकांवरच पडतो.

हा हिशेब औषधी दुकानाचा आहे, चिकित्सालयाचा नव्हे. नोंदणीकृत वैद्याने रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करणे अथवा दलाली देणे आचारसंहितेत बसत नाही. औषधविक्रेत्यांनाही १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याचे बंधन आहे. मधुमेह, स्थूलता अशा परिशिष्टातील विकारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते.

मर्यादा पाळण्याचे खरे कारण याहून गंभीर आहे. ज्या ग्राहकामागे झेपण्यापलीकडे खर्च झाला, त्याच्याकडून तो वसूल करण्याचा मोह होतो. मग एका चूर्णाने भागणाऱ्यास दोन आसवे आणि एक अवलेह बांधून दिला जातो. हिशेबातील ही चूक अखेर रुग्णाच्या पोटात जाते आणि दुकानाची पत घालविते. याउलट, अनुपान व पथ्य नीट समजावून सांगण्यात दिलेली दहा मिनिटे हाही खर्चच; परंतु तो जुन्या ग्राहकाला टिकवितो आणि त्याच्या शब्दावर नवा ग्राहक आणतो. येत्या तिमाहीत प्रत्येक दुकानदाराने आपल्या वहीत हे दोन आकडे अवश्य मांडावेत: टिकाऊ ग्राहकामागे झालेला खर्च आणि झेपणारा खर्च.