रक्तदाब आणि सर्पगंधा : मुळी कुटण्याआधी माप समजून घ्या



ब्लडप्रेशर हा आता फक्त शहरातल्या बैठ्या माणसाचा आजार राहिलेला नाही. द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्यालाही तो होतो, आणि पुष्कळदा दुखत-खुपत काहीच नसते. मग कोणीतरी सांगते, "रोज गोळ्या कशाला खाता? सर्पगंधाची मुळी कुटून घ्या, झालं काम." हे बोलणे अगदीच खोटे नाही. म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे.

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे झुडूप. एका पेरावर तीन-चार पाने, फुले पांढरी, देठ लालसर, फळ पिकले की काळे-जांभळे. औषध असते मुळीत, त्यातही मुळीच्या सालीत जास्त. चव कडूजहर.

आपल्या वैद्यांना ही वनस्पती फार पूर्वीपासून माहीत आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ती देऊन नोंदी ठेवल्या आणि 1949 साली त्या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून 'रिसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढले गेले व त्याच्या गोळ्या निघाल्या. या कामाबद्दल डॉ. वकिलांना 1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मग मुळीच का खाऊ नये?

आता तुम्हीच सांगा, फवारणीच्या पंपात औषध तुम्ही अंदाजाने ओतता का? नाही. कमी पडले तर रोग हटत नाही, जास्त झाले तर पीक जळते. इथेही तेच आहे. रिसर्पिनचा दिवसाचा डोस पाव मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एका ग्रॅममध्ये असे 4,000 डोस! मुळीतले द्रव्य जमीन, हंगाम आणि झाडाचे वय यांप्रमाणे कमी-जास्त होते. चिमूटभर पुडीत किती गेले, हे डोळ्यांना कसे कळणार? जास्त झाले तर नाडी मंदावते, झापड येते, नाक चोंदते, मन खचून उदास होते. म्हणून डॉक्टरही आता हे औषध क्वचितच देतात; त्याहून कमी त्रासाच्या गोळ्या आल्या आहेत.

घरात काय करावे?

1. मीठ कमी करा. दिवसाला माणशी सगळे मिळून एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी. लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतले मीठही त्यात धरा.
2. लसूण जेवणात जरूर ठेवा. त्याने रक्तदाब थोडा उतरतो, पण तो गोळीची जागा घेत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर लसणाचा मुद्दाम मारा करू नका.
3. ज्येष्ठमध रोज चघळू नका. त्याने रक्तदाब उलट वाढतो.
4. तंबाखू, मिश्री, दारू सोडा.
5. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्या. तो पुन्हा पुन्हा 140/90 किंवा वर आला तर उपचार हवा.
6. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून घ्या, आणि चालू गोळ्या त्यांना दाखवा.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर पुडी-काढ्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करून ताबडतोब दवाखाना गाठा.

लागवडीचा विचार असेल तर

इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागातल्या काही बांधवांच्या मनात हे पीक येईल. मुळी तयार व्हायला साधारण दीड ते तीन वर्षे लागतात, आणि बी उगवते कमी. म्हणून आधी खरेदीदार पक्का करा, मगच रोपे लावा. रानातली मुळी मात्र उपटू नका. मुळी गेली की झाडच गेले.

झाड आपले आहे, त्याचा अभिमान धरा. पण औषध म्हणजे झाड अधिक माप. माप सुटले, की त्याच झाडाचे विष होते.